जामीन, जप्ती आणि आपली कादंबरी

सीमाभागात पीक घरात आले, की संमेलनांचे दिवस सुरू होतात. कडोली, उचगाव, कुद्रेमानी, सांबरा, बेळगुंदी, येळ्ळूर अशी गावे आपापल्या ऐपतीने मांडव घालतात. ग्रंथदिंडी निघते, शाळेच्या पोरी डोक्यावर कलश घेऊन चालतात आणि पुण्या-मुंबईहून आलेला पाहुणा गावकऱ्यांचे भाषाप्रेम पाहून भारावतो. अशाच एका मांडवात काही वर्षांपूर्वी मी ग्रामीण साहित्यावर अर्धा तास बोललो. विषय नेहमीचा, उदाहरणे नेहमीची, टाळ्याही नेहमीच्याच. खाली उतरलो तेव्हा मागच्या रांगेतली एक वयस्कर बाई चहाच्या टेबलापाशी माझी वाट पाहत उभी होती. ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही इतकी पुस्तकं वाचलासा. आमच्या ह्या हप्त्याचं, फायनान्सवाल्यांचं कुठल्या पुस्तकात आलंय काय हो?"

मी तिला काहीबाही सांगितले. सावकारावर खूप लिहिले गेले आहे, असे म्हणालो. ती म्हणाली, "सावकार न्हवं ओ. सावकाराला आम्ही वळखत होतो."

तिचे ते शेवटचे वाक्य मला समीक्षेचे वाटले, आणि हा लेख त्यातूनच निघाला आहे. मराठी कथा-कादंबरीने दुष्काळ लिहिला, भाऊबंदकी लिहिली, बांधावरचा खून लिहिला, मोटेचे पाणी लिहिले. पण घराला चारी बाजूंनी आवळत आणणारी जी आजची शक्ती, म्हणजे कागद, तिचे आपल्या साहित्याने काय केले? कागद म्हणजे कर्जरोखा, जामीनपत्र, नोटीस, समन्स, हुकूमनामा, लिलावाची जाहिरात. माझे म्हणणे असे, की फारच थोड्यांनी त्याकडे पाहिले. आणि ज्यांनी पाहिले त्यांच्यातले निम्मे तरी कादंबरीकार नव्हते.

आधी माझा स्वतःचा कागद दाखवतो. नाहीतर हा माणूस दुसऱ्यांना उपदेश करतो आहे, असे वाचकाला वाटायचे.

१९८९ साल असावे. मी तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होतो. माझ्या चुलत भावाने एका पतसंस्थेकडून पाच हजार रुपये उचलले होते आणि त्याला आमचे आप्पा जामीन राहिले होते. जामीन राहणे ही आमच्याकडे सही करण्याची बाब नव्हती, ती नात्याची बाब होती. नाही म्हटले असते तर भावाच्या घरचे जेवण बंद झाले असते. पुढे चुलत भावाचे बटाट्याचे पीक करपले आणि तो गोव्याला कामाला निघून गेला. नोटीस आली ती आप्पांच्या नावावर, आणि ती कन्नडमध्ये होती. आप्पा मुंबई राज्याच्या काळात मराठी चौथी झालेले. पोथी वाचत, पंचांग वाचत, वर्तमानपत्र तर जाहिरातींसकट वाचत. त्या कागदातला त्यांना फक्त शिक्का कळला. त्यांनी तो कागद घडी घालून देव्हाऱ्यामागे पंचांगाच्या शेजारी ठेवला. कुणाला दाखवला नाही, कारण दाखवला असता तर आपल्याला वाचता येत नाही हे गावाला कळले असते. दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो तेव्हा तारीख उलटून अकरा दिवस झाले होते आणि निकाल एकतर्फी झाला होता.

माघात वसुलीची माणसे आली आणि बैलांची जोडी सोडून घेऊन गेली. आई गोठ्याच्या दारात बसून होती. आप्पा मात्र त्या माणसांच्या मागे वेशीपर्यंत गेले. भांडायला नव्हे. डाव्या बैलाला अनोळखी माणूस पुढून दोरी धरतो ते खपत नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते.

पुढे बेळगावातल्या एका वकिलांनी सांगितले, की शेतकऱ्याच्या पोटापाण्याला लागणारी जनावरे आणि अवजारे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाने जप्तीतून वगळलेली आहेत. तुम्ही हरकत घ्यायला हवी होती. आणि जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, हे १८७२ च्या करार कायद्यात एका ओळीत सांगितलेले आहे. म्हणजे आम्हाला तारणारा कायदा होता आणि बुडवणाराही होता. बुडवणारा घरी चालत आला. तारणाऱ्याकडे आम्हालाच जायचे होते, आणि वाट ठाऊक नव्हती.

आता साहित्याकडे वळतो.

या विषयातला आपला पहिला मोठा ग्रंथ म्हणजे महात्मा फुल्यांचा १८८३ चा 'शेतकऱ्याचा असूड'. त्याच्या आधी आठ वर्षे, म्हणजे १८७५ च्या मे महिन्यात, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कुणबी सावकारांच्या घरात शिरले होते. त्या दंग्याची एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. लोकांचा रोख माणसांपेक्षा दप्तरांवर जास्त होता. कर्जरोखे बाहेर काढून त्यांची होळी केली गेली. निरक्षर माणसाला कागदाची ताकद किती नेमकी कळलेली असते पाहा! त्या दंग्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साह्याचा कायदा आला आणि रोख्यावर लिहिलेल्या आकड्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा खरा इतिहास तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला. या पार्श्वभूमीवर फुले लिहीत होते. 'असूडा'तल्या विचारांवर पुष्कळ चर्चा झाली आहे. मला त्यातले लेखन मोलाचे वाटते. साहेबाच्या दारातून निराश होऊन स्वतःशीच पुटपुटत घरी निघालेला कुणबी, त्याच्या अंगावरची वस्त्रे, त्याच्या घरातली भांडी, आडोसे, गोठ्याचा वास, हे सारे फुले पंचनामा करावा तसे नोंदवत जातात. जप्तीचा कारकून ज्या नजरेने घर पाहतो तीच नजर त्यांनी उलटी फिरवली आहे. नंतरच्या आपल्या ग्रामीण कथेने घराचे वर्णन पुष्कळ केले, पण ते सारवलेल्या अंगणाचे. कुठली वस्तू गहाण आहे आणि कुठली सुटलेली, हे त्या वर्णनातून कळत नाही.

दुसरे उदाहरण आमच्या शेजारचे, कोल्हापूरचे. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. गोष्ट नारायण हरी आपट्यांची. जमीन गमावून शहरात गिरणीकामगार झालेल्या शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली. देवादिकांच्या चित्रपटांचा तो काळ, आणि या माणसाने पडद्यावर कर्ज आणले! ज्यांनी तो पाहिला ते त्यातली अंधारी झोपडी आणि तिच्यापुढे विव्हळणारे कुत्रे कधी विसरले नाहीत. मूकपटात सावकाराला बोलता येत नाही, हे मला फार सूचक वाटते. दटावणी नाही, शिवी नाही. फक्त कागद आणि अंगठा. पुढे बोलपट आले आणि सावकार खलनायक झाला. त्याला मिशा आल्या, वाईट नजर आली, शेवटी त्याचे पारिपत्य झाले. प्रेक्षक समाधानाने घरी गेला आणि कागद तसाच राहिला.

'सावकाराला आम्ही वळखत होतो' या वाक्याचा अर्थ इथे लागतो. सावकाराला चेहरा होता, म्हणून त्याच्यावर कथा लिहिणे सोपे होते. संस्थेला चेहरा नसतो. अमेरिकेत जॉन स्टाइनबेकने १९३९ मध्ये 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' लिहिली तेव्हा हीच अडचण त्याच्यापुढे होती. ओक्लाहोमाच्या कुळाचे घर पाडायला आलेला ट्रॅक्टरवाला हा शेजाऱ्याचाच पोरगा निघतो. बंदूक घेऊन उभ्या असलेल्या कुळाला गोळी कुणाला घालायची ते उमगत नाही, कारण पोरामागे अधिकारी, अधिकाऱ्यामागे बँक आणि बँकेमागे आणखी कुणीतरी. स्टाइनबेकने ही अडचण लपवली नाही, तिचाच प्रसंग केला. आर्थर मिलरचे 'डेथ ऑफ अ सेल्समन' हे १९४९ चे नाटक तर घराच्या हप्त्यांवरच उभे आहे. शेवटचा हप्ता फिटतो त्या दिवशी घरचा कर्ता मातीआड होतो. आपल्याकडे अमेरिका म्हटले की डोळ्यांपुढे डॉलर येतात. त्या देशातले साधे कुटुंब घराच्या, दवाखान्याच्या आणि पोरांच्या शिक्षणाच्या कर्जात किती रुतलेले असते, हे २००८ च्या मंदीत लाखो घरांवर जप्ती आली तेव्हा जगाला दिसले. पुढे २०१० मध्ये असे उघड झाले, की जप्तीच्या हजारो प्रतिज्ञापत्रांवर बँकांच्या कर्मचाऱ्यांनी ती न वाचताच सह्या ठोकल्या होत्या. २०१२ मध्ये पाच मोठ्या बँकांना तिथल्या सरकारांशी सुमारे २५ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. हे वाचताना मला देव्हाऱ्यामागचा कागद आठवला. इथे ज्याच्यावर नोटीस आली त्याला ती वाचता आली नाही; तिथे ज्याने सही केली त्याने ती वाचली नाही.

आपल्या कादंबरीत हा पेच कुणी पेलला? मला दोन नावे घ्यावीशी वाटतात. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' १९७१ ची. गंगाराम शिंपी हा काही कर्जबाजारी शेतकरी नव्हे. गावात नव्या फॅशनचे कपडे शिवणारा दुसरा शिंपी येतो आणि गंगारामच्या यंत्राची चाके मंदावतात, एवढेच. पण ही गोष्ट त्याची बायको सांगते. पुरुष बाहेर बाजारात हरतो ती हार घरात कशी पोहोचते, ताटात, बोलण्यात, पोराच्या वागण्यात, ते तिला दिसते. हिशेब पुरुषाच्या तोंडी असता तर तक्रार झाली असती. बाईच्या तोंडी तो घराचा तपशील होतो. बोराड्यांनी जाणून केले की त्यांच्या हातून होऊन गेले, कोण जाणे, पण निवेदक निवडण्यातच अर्धी कादंबरी जिंकली गेली.

दुसरे सदानंद देशमुखांचे 'बारोमास'. २००२ ची ही कादंबरी, २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. एकनाथ शिकला, पदव्या मिळवल्या, आणि शिक्षकाच्या नोकरीसाठी संस्थेला पैसे द्यायला हवेत म्हणून घरी बसला. शेत विकावे तर बाप तुटतो, न विकावे तर पोरगा. बायको शहराकडची, तिचे मन त्या घरात रमत नाही. या कादंबरीत माणसे काही ठिकाणी अग्रलेख वाचून दाखवल्यासारखी बोलतात, हा दोष मी झाकणार नाही. शंभरेक पाने कमी चालली असती. तरीही शेतीचा आतबट्ट्याचा हिशेब आणि नवरा-बायकोतले अबोलपण ही एकच गोष्ट आहे, हे देशमुखांना कळले आहे. आनंद यादवांची १९८७ ची 'झोंबी' या संदर्भात आठवतेच. कागल तर निपाणीच्या उशाला. दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या बापाला पोराची शाळा परवडत नाही, हे त्या आत्मचरित्राचे मूळ दुःख. पण यादवांची नजर शाळेकडे लागलेली आहे, खंडाच्या कागदाकडे नाही. ती तशी असण्याचा त्यांना अधिकारही आहे.

निपाणीचे नाव निघाले म्हणून थोडे रेंगाळतो, कारण आपल्या भागाचे खरे लेखन तिथेच झाले आहे असे माझे मत आहे. अनिल अवचटांनी सत्तरीच्या दशकात निपाणीतल्या तंबाखूच्या वखारी आणि विडीकामगार बाया पाहून लिहिले. त्याचे इंग्रजी रूप १९७८ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आले. या लेखनाला आपण रिपोर्ताज म्हणून बाजूला ठेवतो. का ठेवतो? बाईने हजार विड्या वळून आणाव्यात, त्यातल्या मूठभर खराब म्हणून बाजूला काढल्या जाव्यात, त्यांचे पैसे मिळू नयेत आणि त्या विड्या परतही मिळू नयेत, या एका व्यवहारात जेवढे नाट्य आहे तेवढे आमच्या दहा कथासंग्रहांत सापडायचे नाही. विडीकामगारांसाठी १९६६ चा कायदा होता आणि घरी बसून विड्या वळणारी बाईही त्यात कामगार धरली होती. पण मालक आणि बाई यांच्यामध्ये ठेकेदार उभा केला, की कायद्याला मालक सापडत नाही. म्हणजे स्टाइनबेकच्या कुळाचाच प्रश्न, फक्त निपाणीच्या बोळात.

पुढे त्याच बायांनी संघटना बांधली, आणि त्यांच्याबरोबर बसून दीपा धनराज व युगांतर या गटाने १९८२ मध्ये 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा पंचवीसेक मिनिटांचा अनुबोधपट केला. आता तो नव्याने जतन करण्यात आला आहे आणि परदेशांतल्या महोत्सवांत दाखवला जातो. त्यात बाया स्वतः बोलतात, तंबाखूच्या धुळीत काम करताना दिसतात. त्यांची मराठी आपल्याकडची, कानडी हेल असलेली. सीमाभागातल्या किती संमेलनांत हा अनुबोधपट दाखवला गेला? माझ्या आठवणीत एकातही नाही. छाया दातारांनी याच बायांवर १९८९ मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिले, तेही आमच्या ग्रंथदिंडीत कधी बसले नाही.

आणि महादेव मोरे! निपाणीत गॅरेजमध्ये राबलेला, पुढे पिठाची गिरणी चालवणारा हा लेखक २०२४ मध्ये गेला. ड्रायव्हर, मेस्त्री, वखारीतल्या बाया, रस्त्याकडेची माणसे त्यांच्या कथा-कादंबऱ्यांत आली ती पाहुणी म्हणून आली नाहीत. मोऱ्यांचे मोठेपण हे, की त्यांच्या माणसाला रोजची मजुरी किती, उधारी किती आणि शनिवारी हातात काय उरते, हे लेखकाला ठाऊक असते. त्यांच्या हयातीत आपण त्यांचा सत्कार केला, भाषणे केली, नारळ दिला. वाचले किती, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारतो.

आता जे बोलायला अवघड आहे ते बोलतो. सीमाभागात आम्ही लेखकांनी १९५६ पासून एकच दुःख लिहिले. ते खरे आहे. मी त्याच्या बाहेरचा नाही. जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनाचे दिवस मी पाहिलेले आहेत, आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याकडे मीही डोळे लावून बसलो आहे. उतारा कन्नडमध्ये, नोटीस कन्नडमध्ये, आणि २००० नंतर 'भूमी' योजनेत जमिनीचे दप्तर संगणकावर चढले तेही कन्नडमध्ये. स्वतःच्या बांधाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा आणि वाचणाऱ्याच्या चहा-पाण्याचे बघायचे, हा अनुभव इथल्या हजारो घरांचा आहे. पण आमच्या कवितेत हा कागद आला तो अस्मितेची जखम म्हणून. त्या कागदात काय लिहिले होते, किती रुपये, कुणाची सही, कुठली मुदत, हे कवितेत कधीच आले नाही. आप्पांचा कागद मराठीत असता तर बैल वाचले असते काय? कदाचित वाचले असते. पण चुलत भावाचे कर्ज आणि करपलेले बटाटे मराठीतही तेवढेच राहिले असते.

हे मला कळायला फार उशीर लागला. जुलै १९८० मध्ये नरगुंद-नवलगुंदला शेतकरी उठले आणि गोळीबार झाला. ते सगळे कन्नड बोलणारे, त्यांना आपल्या नोटिसा व्यवस्थित वाचता येत होत्या. नऊ महिन्यांनी, एप्रिल १९८१ मध्ये, तंबाखूच्या भावासाठी पुणे-बंगळूर रस्ता अडवून बसलेल्या निपाणीच्या शेतकऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. शरद जोशींचे नाव त्या आंदोलनाशी जोडले गेले. निपाणीच्या त्या रस्त्यावर मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतली माणसे बसली होती. आमच्या साहित्याने या दोन घटना एका वहीत कधी लिहिल्या नाहीत. सीमेने जमीन विभागली तशी आम्ही दुःखेही विभागून घेतली.

त्या बाईच्या प्रश्नाचे काय? तिच्या गल्लीत दहा बायांचा गट आहे. एकीने कर्ज घ्यायचे, बाकीच्या नऊ जणींनी तिच्यासाठी उभे राहायचे. एकीचा हप्ता चुकला की फायनान्सचा माणूस तिच्याकडे जात नाही, बाकीच्यांना तिच्या दारात बसवतो. म्हणजे आप्पांची जामीनकी होती तीच, फक्त आता ती शेजारणींना एकमेकींवर घालून वसूल होते. या छळातून माणसांनी जीव दिले, गावे सोडली, तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने अशा वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला. राज्यपालांनी तो आधी परत पाठवला आणि मग त्यावर सही केली. दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड अशी त्यात तरतूद आहे. कायदा कडक आहे. तो त्या बाईला कुणी वाचून दाखवला की नाही, हे मी विचारले. दाखवला नव्हता.

मग एका रविवारी मी तिच्या ओसरीवर गेलो. सात-आठ बाया जमल्या. त्यांनी हप्त्याची कार्डे पुढे ठेवली. कुणाचे प्लॅस्टिकच्या पिशवीत, कुणाचे रेशनकार्डाच्या घडीत, एकीचे देवाच्या फोटोमागे. त्या देवामागच्या कार्डावरची तारीख मी आधी पाहिली. मुदतीला अजून चार दिवस होते. मग एकेक कार्ड घेऊन मोठ्याने वाचायला बसलो. तिसऱ्या कार्डापाशी एकीने मला थांबवले आणि म्हणाली, "मास्तर, ते व्याजाचं परत एकदा वाचा. आम्हाला निराळं सांगितलं हुतं." मी परत वाचले. तिने शेजारणीच्या पोराकडून पेन मागून घेतले आणि आपल्या कार्डाच्या मागच्या बाजूला तो आकडा स्वतःच्या हाताने, मराठीत लिहून घेतला.